शेजारच्या खोलीत संदेश कसा जातो?

एका शाळेची कल्पना करा. प्रयोगशाळेतील संगणकांचे एक जाळे आहे, ग्रंथालयातील संगणकांचे दुसरे. प्रयोगशाळेतील एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० आणि ग्रंथालयातील एकाचा १९२.१६८.१.७०. पत्ते पाहिले तर दोघे शेजारी वाटतात. पण त्यांच्यात सरळ बोलणे होत नाही. असे का?

याचे उत्तर 'सबनेट मास्क' नावाच्या आकड्यात आहे. येथे तो २५५.२५५.२५५.१९२ असा ठेवला आहे. संगणक पत्ता व मास्क द्विमान पद्धतीने एकाखाली एक मांडतो. दोन्हींत १ असेल तेथेच १ लिहितो, इतरत्र ०. पहिले तीन आकडे जसेच्या तसे राहतात. खरी गंमत चौथ्यात आहे. १९२ म्हणजे ११००००००. २० म्हणजे ०००१०१००. दोन्ही मिळून येते शून्य. ७० म्हणजे ०१०००११०. मिळून येते ०१००००००, म्हणजेच ६४. उत्तरे वेगळी, म्हणून जाळी वेगळी. ० ते ६३ हा एक गट, ६४ ते १२७ हा दुसरा. (६० आणि ६५ यांचे गणित कागदावर करून पाहा.) जाळ्याचे असे तुकडे पाडण्याची रीत १९८५ मध्ये नियमबद्ध झाली. एका गटात सर्वांना उद्देशून मारलेली हाक दुसऱ्या गटाला ऐकावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

पलीकडचा पत्ता परक्या गटातला निघाला, की संगणक संदेश आपल्या 'गेटवे'कडे सोपवतो. गेटवे म्हणजे दोन जाळ्यांमधला दरवाजा. आपल्या शाळेत हे काम सर्व्हर करील. त्याला दोन नेटवर्क कार्डे हवीत : प्रयोगशाळेच्या बाजूस १९२.१६८.१.१ आणि ग्रंथालयाच्या बाजूस १९२.१६८.१.६५. संदेशाच्या आतल्या पाकिटावर पत्ता ७० चाच असतो, बाहेरच्या पाकिटावर मात्र सर्व्हरच्या कार्डाचा. सर्व्हर बाहेरचे पाकीट काढतो, आतला पत्ता वाचतो आणि नवे पाकीट चढवून संदेश पुढे धाडतो.

पण नुसती कार्डे बसवून भागत नाही. लिनक्सवर चालणारा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाचा संदेश मुळात टाकूनच देतो. त्यासाठी 'आयपी फॉरवर्डिंग'ची किंमत ० वरून १ करावी लागते. साध्या संगणकाने आपणहून दरवाजा बनू नये, असे इंटरनेटच्या १९८९ च्या नियमांतच आहे, आणि ते योग्यच आहे. कोणी सहज दुसरे कार्ड बसवले, एवढ्याने दोन जाळी एकमेकांना खुली होऊ नयेत.

एवढे करूनही उत्तर येत नाही तेव्हा शोधणारे बहुधा जाण्याची वाटच तपासत बसतात. बिघाड परतीच्या वाटेवर असू शकतो! ग्रंथालयातील संगणकाचा गेटवे इंटरनेटचा राउटर असेल, तर २० साठीचे उत्तर तो त्या राउटरकडेच देतो आणि ते तेथेच हरवते. ० ते ६३ या गटाची वाट ६५ वरून जाते, असे त्या राउटरला सांगून ठेवावे लागते.

वाट जुळली की प्रयोगशाळेतून 'पिंग' करा. उत्तरासोबत टीटीएल हा आकडा दिसेल. प्रत्येक दरवाजावर तो १ ने घटतो. ग्रंथालयातील संगणक लिनक्सचा असेल, तर तो सहसा ६४ पासून सुरुवात करतो. तुम्हाला ६३ दिसले, तर घटलेला १ तुमच्या सर्व्हरचा आहे.