कांद्याचा भाव विचारणारं फंक्शन

घोडेगावचा लिलाव उरकला की कांदा चाळीत ठेवलेल्या शेतकऱ्याला आवक किती झाली आणि भाव काय निघाला, एवढंच हवं असतं. राहुरी, पारनेर, संगमनेर, कुठलीही बाजार समिती घ्या, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर यावरच माल आज काढायचा की थांबायचं हे ठरतं. देशभरच्या बाजारांचे असे आकडे 2000 साली सुरू झालेल्या ॲगमार्कनेटवर जमा होतात आणि सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरून एपीआयनं कुणालाही मागता येतात. नोंदणी करून चावी घ्यायची, राज्य, जिल्हा, शेतमाल सांगायचा, की जेसनमध्ये उत्तर येतं. नमुन्याच्या चावीवर मात्र एका वेळी 10 नोंदीच मिळतात.

हे मागायला आता स्वतःचा सर्व्हर लागत नाही. आपला कोड चालवून देणारी ॲमेझॉनची लॅम्डा ही सेवा 2014 मध्ये आली, 2016 मध्ये मुंबईत त्यांचं डेटा केंद्र सुरू झालं. लॅम्डावर जावास्क्रिप्टचं छोटं फंक्शन लिहून ठेवायचं. ते हाक आली की जागं होतं, आणि चाललं तेवढ्याच वेळाचे पैसे पडतात. बाहेर विनंती पाठवायला पूर्वी ‘रिक्वेस्ट’ नावाचं पॅकेज सर्रास वापरलं जायचं. 2020 मध्ये ते निवृत्त झालं. ॲक्सिऑस आजही चालतं, पण 2022 च्या नोड 18 पासून फेच अंगभूतच मिळतं. नव्या कामाला मी तेच घ्यावं म्हणेन.

खरी कसोटी पलीकडचा सर्व्हर अडखळतो तेव्हा लागते. तिकडून 500 चा एरर आला तरी फेच त्याला चूक मानत नाही. जोडणीच तुटली तरच ते अपवाद फेकतं. म्हणून उत्तराचा ‘ओके’ तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. लॅम्डाची मूळ वेळमर्यादा अवघी 3 सेकंद आहे. उत्तर तेवढ्यात आलं नाही, तर फंक्शन मध्येच मारलं जातं आणि वापरणाऱ्याला धड निरोपही मिळत नाही. त्यापेक्षा फेचलाच ‘ॲबॉर्टसिग्नल’नं कमी मुदत द्यावी आणि उरलेल्या वेळात आधी साठवलेला भाव तारखेसकट दाखवावा. तारीख न घालता कालचा भाव देणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. त्या आकड्यावर कुणी गाडी भरून निघालेला असतो.

चावी ब्राउझरमधल्या कोडमध्ये कधीच ठेवू नये, ती फंक्शनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असावी. फंक्शन खासगी नेटवर्कात बसवलं असेल, तर नॅट गेटवेसारखी वाट करून दिल्याशिवाय बाहेरची विनंती नुसती लटकत राहते. आणि प्रत्येक शेतकऱ्यानं ॲप उघडलं की सरकारी सर्व्हरला हाक मारू नये. ठरावीक वेळानं एकदा आणून सगळ्यांना वाटावं.

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास काळजी घ्यावी लागते. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कोडमध्ये एक नाव आणि सरकारी यादीत दुसरं असेल, तर एररही येत नाही. उत्तर रीतसर 200 चं येतं, आत नोंदी शून्य. सकाळी आकडे भरले गेले नसले तरीही शून्यच. अशा वेळी ‘आज लिलाव झाला नाही’ असं परस्पर छापणारी ॲप मला मान्य नाहीत. जिल्ह्याची दोन्ही नावं विचारून पाहावीत, आणि तरीही काही हाती लागलं नाही तर ‘आकडे अजून आलेले नाहीत’ एवढंच लिहावं.