पहारेकऱ्याचें शिंग

शिरगांव, तळेगांव, वडगांव या मावळांतील गांवांच्या आसपासचा मुलूख म्हणजे बोरघाट चढून पुण्याकडे येणाऱ्याचा जुना मार्ग. अशा मुलखाचें रक्षण जितकें तलवारीवर, तितकेंच गडावर रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्यावर अवलंबून असतें. यहुदी धर्मशास्त्रांत यहेज्केल नांवाच्या संदेष्ट्यानें हाच दाखला घेतला आहे. शत्रु येतांना दिसूनही ज्यानें शिंग फुंकलें नाहीं, त्याच्या माथीं मेलेल्यांच्या रक्ताचा दोष येतो. शिंग ऐकूनही जो सावध झाला नाहीं, त्याचा दोष त्याच्याकडेच राहतो. इशारा ऐकला जाईल कीं नाहीं, हें पहारेकऱ्याच्या हातीं नसतें. तो देणें मात्र त्याला चुकत नाहीं.

हे ग्रंथ ज्यांचे आहेत, त्यांच्यापैकीं बेने इस्राएल लोक कोंकणांत शतकानुशतकें मराठी बोलत राहिले. तेलाचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. त्यांच्या शास्त्रांतील संदेष्टा, हिब्रू भाषेंत ‘नाबी’, हा केवळ भविष्य सांगणारा नव्हे. ईश्वराची आज्ञा, ती कितीही अप्रिय असो, ज्याची त्याला ऐकविणें हें त्याचें मुख्य कार्य.

शत्रु बाहेरचा असला म्हणजे शिंग फुंकणें त्या मानानें सोपें. संकट सिंहासनावरच बसलें असेल तर? दावीद राजानें उरीया या आपल्या सैनिकाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि उरीयास लढाईच्या ऐन तोंडावर उभें करवून त्याचा घात केला. तेव्हां नाथान संदेष्टा राजापुढें गेला. त्यानें प्रथम आरोप केला नाहीं. एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरें होतीं, तरी पाहुण्यासाठीं त्यानें गरिबाची लाडानें वाढविलेली एकुलती एक मेंढी हिरावून घेतली. राजा संतापला व त्या माणसाला मरणच योग्य म्हणाला. तेव्हां तो माणूस प्रत्यक्ष राजाच असल्याचें नाथानानें त्याला तोंडावर सांगितलें. दाविदानें पाप कबूल केलें. त्याचें फळ त्याला भोगावें लागलें. पण त्यानें नाथानाला दूर लोटलें नाहीं. राजाच्या अखेरच्या दिवसांतही तोच नाथान राज्याच्या वारसाविषयीं त्याला सावध करतांना दिसतो.

महाराष्ट्रांत असा प्रसंग ३० ऑगस्ट १७७३ नंतर आला. त्या दिवशीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सत्ता चुलते रघुनाथराव यांच्या हातीं आली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशीअंतीं त्यांनाच दोषी ठरविलें, देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय त्यांच्या समोर सांगितला आणि पुणें सोडलें. नाथानाजवळ गोष्ट होती, शास्त्रीबुवांजवळ धर्मशास्त्र. राजाच्या रोषाला आडवें येईल असें सैन्य दोघांजवळही नव्हतें.

ऐकणारे मात्र निराळे निघाले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यांना पुण्यास बसविण्यासाठीं निघालेली इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्यें घाट चढून तळेगांवास आली, तों गांव जळून उजाड झालेलें. ११ जानेवारीच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून ती मागें फिरली. वडगांवास मराठ्यांनीं तिला वेढलें आणि तिला तह करावा लागला. पुण्यांत एका न्यायाधीशाचा शब्द ज्यानें झुगारला, त्याच्या आशेची ही गति शिरगांवच्या शेजारींच झाली.

कठोर बोलणारे जगांत पुष्कळ असतात. पण निंदक पाठीमागून बोलतो आणि त्यांत त्याचें कांहीं जात नाहीं. खरा इशारा समोर उभें राहून, स्वतःचें कांहीं पणाला लावून द्यावा लागतो आणि ऐकणाऱ्याला परत फिरण्याची वाट त्यांतच दाखविलेली असते. राजवाड्यांत काय किंवा घरांत काय, असा शब्द बोलणारें माणूस दुखावलें जातें, तेव्हां पहारा उठतो. आणि मग शत्रूला घाट चढण्याचेही श्रम पडत नाहींत.