बाळंतपणाचा कागद पेटीत ठेवा

आपल्या घरांत राशन कार्ड आणि जातीचा दाखला पेटीत कुलूप लावून ठेवतात. बाळंतपणाचा कागद मात्र खिळ्यावरच्या पिशवीत लटकतो आणि बाळ रांगू लागले की रद्दीत जातो. डागा, मेयो किंवा मेडिकलमधून सुटी होताना मिळणारे हे कार्ड म्हणजे नुसती घरी जाण्याची चिठ्ठी नव्हे. पुढच्या बाळंतपणात डॉक्टरला पहिला आधार त्याचाच असतो.

त्या कार्डावर डॉक्टर आजाराचे निदान लिहितात. त्यावरून दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात आजाराला संकेतांक दिला जातो. हे संकेतांक जागतिक आरोग्य संघटनेने ठरविले आहेत. त्यांच्या दहाव्या आवृत्तीत गर्भारपण व बाळंतपणाच्या आजारांना 'ओ' हे अक्षर आहे. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली तर ओ १४, झटके आले तर ओ १५, बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झाला तर ओ ७२. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिचे अंक वेगळे, पण रीत तीच. अंक देणारा कर्मचारी बाईला पाहत नाही, तो कागद पाहतो. जे लिहिले नाही ते मोजले जात नाही. आणि जे मोजले जात नाही, त्यासाठी औषध, रक्त आणि खाटा मागायच्या कोणत्या तोंडाने?

विदर्भात सिकलसेलची गोष्ट अशीच आहे. हा आजार येथे नवा नाही. डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत लिहिले होते. आपल्या समाजातही तो अनेक घरांत आहे. गर्भार बाईचे रक्त कमी दिसले की कार्डावर 'ॲनिमिया' एवढाच शब्द पडतो आणि अंक लागतो ओ ९९.०. त्याच्या जोडीला सिकलसेलचा डी ५७ हवा. पण तपासणीचा निकाल कार्डावर चढलाच नाही, तर तो लागणार कसा? पुन्हा दिवस गेले की ती दुसऱ्या दवाखान्यात जाते. तेथे साधी लोहाची कमतरता समजून गोळ्या मिळतात. मग हाडे ठणकतात, दम लागतो, आणि खरे कारण शोधण्यात मोलाचा वेळ जातो.

रक्तदाबाचेही तसेच. मागच्या खेपेस ओ १४ झाला होता हे वेळीच कळले, तर डॉक्टर सुरुवातीच्या महिन्यांतच कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करू शकतात. सातव्या महिन्यात कळून तो उपयोग होत नाही.

कागदावर हक्कही अवलंबून असतो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या कायद्यात गर्भारपणातून किंवा बाळंतपणातून आजार उद्भवल्यास एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण ती पुराव्यावर मिळते, आणि पुरावा म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला आजार.

म्हणून भगिनींनो, सुटी होताना कार्ड हातात घेऊन तेथेच वाचा. वाचता येत नसेल तर घरच्या शिकलेल्या पोरीला सोबत न्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, सिकलसेलचा निकाल, रक्त चढविले का, सिझर का झाले, या गोष्टी लिहिल्या आहेत का ते पाहा. नसतील तर "डॉक्टरसाहेब, एवढे लिहून द्या" असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. कार्ड हरवले तर अर्ज करा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात.

हे काम एकट्या बाळंतिणीचे नाही. तिला तेव्हा बसण्याचेही त्राण नसते. नवऱ्याने आणि सासूबाईंनी ते करावे, सिकलसेलची तपासणी नवऱ्यानेही करून घ्यावी, आणि तो कागद जातीच्या दाखल्याशेजारी पेटीत ठेवावा.