टाकी रिकामी आहे, हे कशावरून?

मंडळी, विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या आम्हाला इथून दिसताहेत. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं टँकरवर बोलावं? पण मागच्या वेळी आपण ‘अभाव’ या पदार्थापाशी थांबलो होतो, आणि मानोऱ्यात उन्हाळ्याच्या तोंडावर अभावाचं उदाहरण शोधायला पोथी उघडावी लागत नाही. ट्रॅक्टरमागं जोडलेली पाण्याची टाकी पुरेशी आहे. ती रिकामी का करायची, कशी करायची आणि खरोखर झाली हे ओळखायचं कसं, एवढंच आज बघू.

पाणी सोबत घेऊन हिंडणं आपल्याकडं नवं नाही. रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल असे, बैलगाडीच्या खाली छागळ लोंबत असे. आपल्या तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवणारे हे तांडे. तांडा म्हणजेच फारसीतला कारवाँ, आणि तोच शब्द युरोपात जाऊन कॅरॅव्हॅन होऊन परत आला. महाराष्ट्र शासनानं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा बंजाऱ्यांच्या नातवंडांना त्यात नवं काय वाटलं असेल, असा प्रश्न आम्हाला पडला होता. असो. रामनवमीला पोहरादेवीच्या वाटेवर आज ज्या ट्रॉल्या दिसतात, त्यांत माणसं, शिधा, भांडी आणि कोपऱ्यात पाण्याची प्लॅस्टिकची टाकी असते. त्यांच्यामागं पाण्याचे मोठे टँकर. यात्रा संपते, ट्रॉली घरी येते, टाकीत तळाला पाणी उरतं. ते तसंच राहतं. पुढं लग्नसराईत किंवा मे महिन्यात कुणाची विहीर आटली की त्याच टाकीत, त्याच पाण्यावर, नवं पाणी भरलं जातं.

ओतून का देत नाहीत? आळस हे उत्तर सोपं आहे, आणि आमच्या मते अन्यायाचं आहे. ज्या बाईनं दोन हंड्यांसाठी तासभर वाट पाहिली आहे, तिच्यासमोर पाणी जमिनीवर सोडायला हात धजत नाही. हा संस्कार चांगलाच आहे. पण तीच बाई रोज सकाळी माठातलं शिळं पाणी तुळशीला नाहीतर झाडाला घालते, माठ आतून हातानं घासते आणि मगच नवं भरते. माठाला एक न्याय आणि टाकीला दुसरा, असं का? आम्हाला वाटतं, माठात हात तळापर्यंत जातो. टाकीत जात नाही. जिथं हात पोचत नाही, तिथलं सगळं ठीक असेल असं आपण धरून चालतो.

तळाशी काय चाललेलं असतं ते बघा. विहिरीच्या पाण्यातली माती खाली बसते. टाकण्यात आलेली ब्लीचिंग पावडर पाण्यातली घाण मारता मारता संपते, आणि उन्हानं तापलेल्या टाकीत ती आणखी लवकर संपते. मग उरतं ते कोमट, गाळाचं, रक्षण नसलेलं पाणी. त्यात भिंतीला बुळबुळीत थर धरतो आणि जंतू त्या थराच्या आड राहतात. पुढच्या वेळी पावडर टाकली तरी तिची बरीचशी शक्ती हा गाळ आणि हा थर खाऊन टाकतात. म्हणजे राखलेलं पाणी नव्या पाण्यालाही बिघडवतं. झाकण सैल असेल तर डासांची भर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं. पण ही अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात, तेव्हा नुसतं पाणी सोडून भागत नाही, भिंत घासावी लागते.

थंड देशांत राहणारी आपली मुलं तिथं असल्या घरगाड्या घेऊन फिरतात, तीही हिवाळ्याआधी टाकी रिकामी करतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि नळ फुटतात, हे त्यांचं कारण. आपलं कारण बरोबर उलटं, ऊन.

आता सोडायचं कसं. पहिली गोष्ट, वरचं झाकण उघडा. झाकण घट्ट असेल तर बाहेर गेलेल्या पाण्याच्या जागी हवा जायला वाट राहत नाही. तोटीतून धार अडखळते, गडगड आवाज येतो, आणि मोटर लावून पाणी ओढत असाल तर बाहेरच्या हवेच्या दाबानं प्लॅस्टिकची टाकी आत चेपते. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, असं ॲरिस्टॉटलच्या परंपरेनं शतकानुशतकं शिकवलं. सतराव्या शतकात तोरिचेल्ली नावाच्या इटालियन गृहस्थानं पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली आणि सगळा खेळ हवेच्या वजनाचा आहे हे पुढं आलं. त्याचाच आणखी एक नियम आपल्या कामाचा आहे. छिद्रातून निघणाऱ्या धारेचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणं बदलतो. पाणी एक मीटर उंच असेल तर धार सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास, पाव मीटर उरलं की वेग निम्मा. हिशेब केला तर सरळ भिंतींच्या टाकीत वरचं अर्धं पाणी एकूण वेळेच्या तीस टक्क्यांहून कमी वेळात जातं आणि खालच्या अर्ध्याला सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ लागतो. माणूस कंटाळतो तो नेमका इथं. धार बारीक झाली, ‘झालं रिकामं’ म्हणून तोटी बंद.

आणि धार थांबली तरी? तोटी तळापासून थोडी वर बसवलेली असते. पाच हजार लिटरची चौकोनी टाकी घ्या, तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. तोटी तळापासून पाच सेंटिमीटर वर असेल तर धार थांबल्यावर आत सव्वादोनशे लिटर पाणी असतं. एका कुटुंबाला दोन दिवस पुरेल एवढं, आणि सगळ्यात गढूळ तेच. टाकी गोल बुडाची असेल तर कमी, पण असतंच.

इथं आपल्या नैयायिकांना बोलवू. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? न्यायमत म्हणतं, अभाव प्रत्यक्षच दिसतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, नाही, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानावं लागतं. भांडण मोठं आहे, आज त्यात शिरत नाही. पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे, घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. आता तोटीकडं या. तोटीतून पाणी येत नाही, म्हणून टाकीत पाणी नाही. हे अनुमान फसवं आहे, कारण तळाचं पाणी असतं तरी तोटीतून आलंच नसतं. तोटीचं मौन ही योग्य अनुपलब्धी नव्हे. तर्कसंग्रह शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं घड्याचंच उदाहरण दिलं. टाकीचं दिलं असतं तर मागच्या बाकावरचीही मुलं जागी राहिली असती.

मग योग्यता आणायची कशी? दुपारचं ऊन वर असताना झाकणाशी आरसा धरा आणि कवडसा आत टाका. विहिरीत पडलेली बादली शोधताना करतात तसं. तळ चकाकला तर पाणी आहे. लांब काठीला कोरडं फडकं बांधून चारी कोपऱ्यांत टेकवा. ओलं आलं की अजून काम बाकी.

हे शेवटचं पाणी काढायला ट्रॉली तोटीच्या बाजूला कलती हवी. त्यासाठी नैसर्गिक उतार शोधा, चाकांना दगड लावा. ट्रॅक्टर मात्र सोडवू नका. दोन चाकांची ट्रॉली असेल आणि पाणी मागं साचलं तर पुढचा दांडा उसळून वर येतो, आणि एक हजार लिटर म्हणजे एक टन, हे विसरू नये. याच कारणासाठी अर्धी भरलेली टाकी रस्त्यावर नेणं भरलेल्या टाकीपेक्षा अवघड. वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी ओढून नेतं. रिकामी करायची ती निघण्याआधी.

ओतलेलं पाणी नालीत कशाला? गुरांच्या हौदात, झाडांच्या आळ्यात, नव्या बांधकामावर मारायला. मात्र पिवळट झालेलं, वास येणारं पाणी गुरांना नको.

मग घासायचं. झाकणातून लांब दांड्याचा कुंचा पोचत असेल तर माणूस आत उतरवू नये. उतरावंच लागलं तर इथं आम्हाला थोडं कठोर बोलावं लागेल. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. आत ब्लीचिंग पावडर असेल तर क्लोरीन साठतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळू शकतो. त्याला काढायला घाईनं दुसरा उतरतो, तोही पडतो. तेव्हा झाकण आणि तोटी बराच वेळ उघडी ठेवून हवा खेळू द्या, पावडर आत असताना कुणी उतरू नका, आणि बाहेर दोर धरलेला माणूस हवाच. पोरगं लहान आहे, झाकणातून सहज मावतं, म्हणून त्याला आत सोडतात. हे कुठंही दिसलं तर थांबवा. इथं भीड नको.

घासून, एकदा विसळून, ते पाणीही सोडून टाकी उन्हात वाळू द्या. पुढच्या वेळी पिण्यासाठी भराल तेव्हा चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत. अर्धा तास थांबा. मग गावातल्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवा, असं भारतीय मानक सांगतं.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारलं आहे की टाकी वाळवून ठेवली, मग तोटी उघडी ठेवायची की बंद? ताई, टाकी उघड्यावर उभी राहणार असेल तर तोटी उघडी, म्हणजे आत गेलेलं पावसाचं पाणी साचणार नाही. तोटीच्या तोंडाला आणि झाकणाच्या फटीला बारीक जाळी बांधा, डासासाठी आणि पालीसाठी. आणि ‘तोटी उघडी आहे’ अशी पाटी खडूनं झाकणावर लिहा. नाहीतर पहिल्या भरणीचं पाणी चालकाच्या पायावरून वाहील, आणि तो तुम्हाला जे बोलेल ते या व्याख्यानमालेत छापता येणार नाही.