सिल्वासा, पानिपत आणि कालप्रवास

डायना गॅबाल्डन यांच्या 'आउटलँडर' (१९९१) या कादंबरीतील परिचारिका क्लेअर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्कॉटलंडमधून १७४३ मध्ये पोहोचते आणि तेथील तरुणाच्या प्रेमात पडते, तेव्हा कलोडनच्या लढाईतील स्कॉटिश बंडखोरांचा पराभव वाचकाला आधीच ठाऊक असल्याने ते प्रेम अधिक हुरहूर लावते.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत प्रेमकहाणी नाही; मात्र पानिपतच्या लढाईत पेशव्यांचा पुत्र विश्वासराव बचावून मराठे जिंकतात, असा पर्यायी इतिहास, म्हणजे एका घटनेपाशी वेगळा वळलेला काळ, तीत विलक्षण ताकदीने उभा राहतो.

नगर हवेलीतील सिल्वासाच्या वाचकाला ही कथा अधिक भिडावी, कारण १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनीच नगर हवेली पोर्तुगिजांना दिली आणि १९५४ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली.

त्या तहाभोवती प्रेमकथा गुंफणारी कालप्रवासाची मराठी कादंबरी कोणाच्या वाचनात आली असल्यास तिचे नाव अवश्य कळवावे.