आडनाव म्हणजे सोडलेल्या गावाचा पत्ता

‘वडगावकर’ आडनावाचा माणूस भेटला की त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, वडगाव कुठलं? आणि दुसरा, ते सोडलं कधी? पहिल्या प्रश्नाचं कारण उघड आहे. मावळातलं वडगाव, पुण्याजवळचं वडगाव शेरी, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव, बारामती तालुक्यातलं वडगाव निंबाळकर आणि आमच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. एवढ्या वडगावांत घोटाळा नको म्हणून लोकांनी गावांनाच नाव-आडनाव देऊन टाकलं आहे. युसूफ हे नाव, वडगाव हे आडनाव!

दुसरा प्रश्न जरा खोचक वाटेल, पण खरी गोम त्यातच आहे. बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी केज तालुक्यातल्या एका शाखेत होतो. युसूफ वडगावचे बरेच खातेदार आमच्याकडे होते. सह्यांची आणि अंगठ्यांची कार्डं लोखंडी पेटीत आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावलेली असत. वडगावच्या माणसांची कार्डं मी कितीदा चाळली असतील, पण त्यांत ‘वडगावकर’ एकही नव्हता. वडगावकर मला पुढे भेटले, ते बदलीच्या गावी. नवलाचं त्यात काही नाही. ज्या गावात सगळेच वडगावचे, तिथे एकालाच वडगावकर म्हणून हाक कोण मारणार? माणूस वेशीबाहेर पडतो, परक्या गावात बिऱ्हाड करतो, शेजारी विचारतात, ‘कुठले तुम्ही?’ आणि त्या उत्तराला ‘कर’ चिकटतो. पुढच्या पिढीत तेच आडनाव होतं. गोव्याकडे पर्रे गावात राहूनही माणसं पर्रीकर असतात, हे खरं. पण देशावर आणि मराठवाड्यात ‘कर’ हा बहुतेक वेळा गाव सोडल्याचा दाखलाच असतो.

आपल्या इतिहासातलं एक मोठं नाव घ्या. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा. नीरा नदीकाठचं होळ हे त्यांचं गाव. लहानपणीच वडील गेले आणि आईनं त्यांना खानदेशात तळोद्याला मामाकडे नेलं. तिथून पेशव्यांची चाकरी, मग माळव्याची सुभेदारी. हा मुलगा होळातच राहिला असता, तर होळकर हे नाव इंदूरच्या गादीवर कसं गेलं असतं? आमच्या केज तालुक्यातही एक होळ आहे. त्याचा या घराण्याशी संबंध नाही, पण नाव ऐकून नवख्या माणसाची फसगत होते. आडनाव गावाकडे बोट दाखवतं, पण ते नेमकं कुठलं गाव, हे घरातल्या जाणत्या माणसालाच ठाऊक असतं.

निंबाळकरांची गोष्ट आणखी गमतीची. फलटणचं हे घराणं मूळचं पवारांचं म्हणवतं. फलटणजवळच्या निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. पुढे त्या आडनावाला एवढं वजन आलं, की बारामती तालुक्यातल्या वडगावानं ते आपल्या नावाला जोडून घेतलं. गावानं माणसाला नाव दिलं आणि माणसानं ते दुसऱ्या गावाला दिलं. व्याजासकट परतफेड म्हणतात ती हीच!

तेव्हा आडनाव म्हणजे युगानुयुगं चालत आलेली काही पवित्र वस्तू, ही समजूत फारशी टिकत नाही. डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यावरून शाळेच्या दप्तरात आंबडवेकर लागलं आणि पुढे आंबेडकर झालं. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं आणि पुढच्या एकाच पिढीत ते घरोघरच्या रेडिओत जाऊन बसलं. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांच्या आडनावात वसमतजवळचं कुरुंदा आहे. उलट दिशेचं उदाहरणही मराठवाड्यातच सापडतं. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाच्या तरुणानं संन्यास घेतला, तेव्हा खेडगीकर हे आडनाव मागे पडलं आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव उरलं. मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, त्यांनी शाळा चालवली आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलं. आडनाव मिळतं, घेता येतं, बदलता येतं आणि टाकूनही देता येतं.

पण टाकलं नाही, तर ते किती दूर जातं पाहा. सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ चा, देवघरजवळच्या कारो गावातला. हा भाग आज झारखंडात येतो. घराणं मराठी, आडनाव अस्सल कोकणी वळणाचं, पण हा माणूस लिहीत होता बंगालीत. १९०४ साली निघालेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या पुस्तकानं स्वदेशीच्या दिवसांत बंगाल ढवळून काढला आणि पुढे इंग्रज सरकारनं त्यावर बंदी आणली. त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर. ते जन्मले काशीला आणि ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक जनक ठरले. मामा बंगालीचे, भाचे हिंदीचे आणि दोघांच्या आडनावाचा ‘कर’ मात्र मराठी. भाषा बदलली, मुलूख बदलला, पण सोडलेल्या गावाचा पत्ता तेवढा नावात राहिला.

याहून लांबचा प्रवास कोकणातल्या बेने इस्रायली लोकांचा. गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरेनं चालत आलेली कथा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावोगाव पांगले तशी आडनावंही पांगली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, आणि तोही तेल अवीवला! १९४८ नंतर यांतली हजारो माणसं इस्रायलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत पेणकर आणि रोहेकर नांदू लागले. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

पण तिथे त्यांना एक कडू अनुभव आला. १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या बाबतीत शंका काढली. तुमची वंशावळ तपासावी लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. माणसं रस्त्यावर उतरली, उपोषणाला बसली आणि १९६४ साली सरकारला जाहीर करावं लागलं की हे लोक इतर यहुद्यांच्या पूर्ण बरोबरीचे आहेत. ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न शेजारी ओट्यावर बसून विचारतो, तेव्हा त्यातून आडनाव जन्मतं. तोच प्रश्न टेबलामागे बसलेला माणूस विचारतो, तेव्हा त्यावर माणसाचा हक्क टांगलेला असतो.

हा काही एकट्या आपल्याच मुलखाचा गुण नव्हे. आपण ज्यांना सरसकट इंग्रज म्हणतो, त्यांतले कितीतरी स्कॉटलंडचे होते. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याला रेसिडेंट असलेला आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडचा. एल्फिन्स्टन हे तिकडच्या एका जहागिरीच्या गावाचं नाव. म्हणजे आपल्या हिशेबानं साहेब ‘एल्फिन्स्टनकर’च! याच घराण्यातल्या दुसऱ्या एका गव्हर्नराचं नाव मुंबईच्या रेल्वे स्टेशनाला होतं. ते २०१८ साली बदलून प्रभादेवी झालं. स्कॉटलंडातल्या डोंगराळ मुलखात मात्र गावापेक्षा बापाला महत्त्व. तिथल्या नावांतला ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना जमिनीवरून हुसकलं. माणसं जहाजात बसून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली. बरोबर नेण्यासारखं फारसं काही नव्हतं, नाव तेवढं होतं.

हा ‘मॅक’ आपल्याकडेही होता. जुने मराठी कागद पाहिलेत तर नावांच्या मध्ये ‘बिन’ दिसेल आणि निजामाच्या मुलखातल्या कागदांत ‘वल्द’. अमका वल्द तमका, म्हणजे अमक्याचा मुलगा. अशा नोंदीत पुष्कळदा आडनाव नसतंच. गावात सगळे एकमेकांना ओळखत, त्यामुळे कुणाचं अडत नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचा अंमल संपला, मराठवाडा पुढे महाराष्ट्रात आला, शाळा वाढल्या, बँका आल्या आणि प्रत्येक अर्जात आडनावाचा रकाना आला. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पणज्याचं नाव सापडतं, पण हा आमचाच पणजा हे सिद्ध करायचं कसं? या प्रश्नानं गावोगावची माणसं रात्र-रात्र वंशावळी मांडत बसली.

बँकेच्या काउंटरवर हा पेच मी फार जवळून पाहिला आहे. नवऱ्याच्या माघारी एक बाई त्याचे पैसे काढायला आल्या. सातबाऱ्यावर त्याचं आणि बापाचं नाव, आडनाव नाही. पासबुकात आडनाव. रेशनकार्डावर घरात हाक मारायचं नाव. नियमाप्रमाणे हे तीन वेगळे इसम! प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, दोन साक्षीदार, असं सगळं जमवायला त्यांना चार खेपा पडल्या. शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, ‘‘सायेब, मानूस येकच हुता, कागदं तेवढी तीन झाली.’’ या वाक्यावर मी आजवर कुठलंही भाष्य करू शकलेलो नाही.

बायकांच्या आडनावाची तर वेगळीच कथा. अहिल्याबाई चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक. होळकरांची सून झाली आणि नीरेकाठच्या त्या गावाचं नाव त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वरी उजळवलं. थोरामोठ्यांच्या घरात होतं तेच घरोघर होतं. पुरुषाचं आडनाव कधीतरी एकदा गाव सोडतं, बाईचं मात्र हळदीच्या अंगानं. स्कॉटलंडच्या जुन्या कागदांत लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव कायम ठेवलेलं दिसतं. आपल्याकडे ते काम सासरच्या शेजारणी करतात. ‘होळची’, ‘वडगावची’ अशीच तिला हाक असते. कागदावर पुसलेलं माहेर गल्लीत जिवंत राहतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदावर, आधी आईचं आणि मग बापाचं नाव लिहायचं महाराष्ट्रात ठरलं आहे. उशिरा का होईना, रकाना वाढला.

आणि आता खुद्द केजकडच्या गावांकडे वळू. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना तिथे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर पडते. बायको त्याच्याबरोबर पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून वाहते, पण वहीत तिचं नाव शोधावं लागतं. पिढ्यान् पिढ्या वर्षातले पाच-सहा महिने बाहेर काढूनही या माणसांना कुणी वडगावकर म्हणत नाही. कारखान्याच्या गावी त्यांची ओळख एकच, ‘बीडवाले’. एका जिल्ह्यातली सगळी माणसं त्या एका शब्दात बांधलेली, उसाच्या मोळीसारखी.

मला यातून एक गोष्ट उमगली. ‘कर’ लागायला नुसतं गाव सोडून भागत नाही. नव्या गावात थाराही मिळावा लागतो. कुणीतरी दारात उभं राहून ‘कुठले तुम्ही?’ विचारावं लागतं आणि उत्तर लक्षात ठेवावं लागतं. पेणकरांना तो थारा समुद्रापलीकडे मिळाला, देऊस्करांना बंगाली वाचकांत मिळाला. कोपीवर राहणाऱ्याला तो मिळत नाही, कारण हंगाम संपला की त्यानं निघून जावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असते.

म्हणून आडनावाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याचा डौल मिरवण्याआधी थोडी चौकशी करावी. या दिवाळीत घरात सगळे जमतील तेव्हा एक वही काढा. आपलं मूळ गाव कुठलं, ते कुणी सोडलं, कधी सोडलं आणि का? दुष्काळ होता, नोकरी होती, भाऊबंदकी होती की जातीचा जाच होता? नव्या गावात पहिला आसरा कुणी दिला? पणजीचं, आजीचं माहेरचं नाव काय? जे नक्की ठाऊक असेल तेवढंच लिहा. वर्ष नसेल आठवत तर ‘मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे’ एवढं लिहिलं तरी चालेल. सांगणारी म्हातारी माणसं घरात आहेत, तोवर हे काम उरकून घेतलेलं बरं. आणि वहीच्या शेवटी, आपल्या गल्लीत नव्यानं बिऱ्हाड करून राहिलेल्या कुटुंबाचं नाव-गावही विचारून लिहून ठेवा.