मासा लवकर का शिजतो?

नया नगरातल्या घरी मटण शिजायला तासभर लागतो. पण रावसाच्या इंचभर जाड तुकड्यांना हळद, मीठ, लिंबू व थोडे तेल लावून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला ठेवा; सुमारे १५ मिनिटांत जेवण तयार! असे का बरे?

बकरीला जमिनीवर स्वतःचे वजन पेलावे लागते. तिच्या स्नायूंना बांधणारे कोलॅजेन पुष्कळ व चिवट असते. माशाचा भार पाणी पेलते. त्याचे कोलॅजेन थोडे असते आणि कमी तापमानालाच विरघळते. मग मांसाचे पापुद्रे सुटे होतात. यापुढे भाजत राहिल्यास प्रथिने आकसून पाणी बाहेर टाकतात व मासा कोरडा होतो. म्हणून पापुद्रा सहज सुटला, की लगेच ओव्हन बंद करा!

रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. पण तो सॅमनच्या कुळातला नाही बरे का!